जॅझचा सहा आठवड्यांचा कोर्स, पेटीवाली आणि तिचा डावा हात

खानापूरची पेटीवाली

नमस्कार मंडळी. गाण्या-वाजवण्यावर इथं धाग्यांना तोटा नाही, पण जॅझ टाकून शोधलं तर कुठल्याशा हॉटेलातल्या जेवणाची चर्चा निघाली. म्हणून नवा धागा काढतेय.

मी पेटी वाजवते. गांधर्वच्या परीक्षा देत देत विशारदपर्यंत आलेय, गावात भजनी मंडळाला साथ करते. पदवीची शेवटची परीक्षा झालीय, निकाल लागायचाय. तेवढ्यात बेळगावात कॅम्पमध्ये सहा आठवड्यांचा जॅझचा वर्ग निघाल्याचं कळलं आणि नाव घातलं. "जॅझ म्हणजे नेमकं काय गं?" असं आजीनं विचारलं होतं. त्याचं तिला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही. सध्या चौथा आठवडा चाललाय.

सर मडगावचे, सॅक्सोफोन वाजवतात. सोमवारी चोर्ल्यातून येतात, शुक्रवारी परत. पावसाळ्यात चोर्ला कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको, त्यामुळं सोमवारचा पहिला तास आम्ही बहुतेकदा आपापसातच काढतो.

सकाळी लवकर बस धरायची. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, आम्हा बायकांना सरकारी बसचं शून्य तिकीट मिळतं. कार्ड दाखवलं की झालं. ते नसतं तर रोजचं येणं-जाणं घरात कुणी मान्य केलं नसतं, हे आधीच सांगून टाकते. बसमध्ये कानात इअरफोन आणि एकच रेकॉर्डिंग, पुन्हा पुन्हा. सरांचा नियमच आहे: आठवडाभर एकच सोलो, म्हणजे एकट्यानं मांडलेला तुकडा, ऐकायचा, तो तोंडानं पाठ गाता आला पाहिजे, मग वाद्याला हात लावायचा, कागदावर उतरवायचं सगळ्यात शेवटी. माझ्या वाट्याला लेस्टर यंग आला. काउंट बेसीच्या बँडमधला हा सॅक्सोफोनवाला इतका निवांत वाजवतो की मच्छे येईपर्यंत माझी मान डोलत असते आणि शेजारची मावशी पिशवी जवळ ओढून घेते.

वर्गात पहिला तास कानाचा. सर कीबोर्डवर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, वाजवतात, आम्ही त्यातला मूळ सुरापासून मोजून तिसरा सूर गायचा, मग सातवा. इथं माझं बरं चालतं, सरगम लहानपणापासून घोटलेली आहे. इंजिनिअरिंगची दोन गिटारवाली पोरं आहेत. बोटं भयंकर पळतात, पण गायला सांगितलं की खिडकीबाहेर पाऊस बघत बसतात. नोटेशन वाचायची वेळ आली की पाऊस बघायची पाळी माझी.

मग टाळी. मेट्रोनोम ६० वर लावायचा, पण त्याचा ठोका एकवर धरायचा नाही. तो ठोका म्हणजे दोन आणि चार. एक आणि तीन आपण मनात धरायचे. आयुष्यभर समेला टाळी दिलेल्या माणसाला हे करायला लावा आणि गंमत बघा.

पण खरी रड आहे डाव्या हाताची. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर, त्याला हवा भरण्यापलीकडं काही काम नाही. आता सर म्हणतात, डाव्या हातात कॉर्डचे दोनच सूर धर, तिसरा आणि सातवा, बाकीचे सोड. दोन-पाच-एक, म्हणजे रे, प आणि सा वरच्या कॉर्डांची एक चाल, जॅझमध्ये पावलोपावली येते. पांढरी एकचा सा धरला (पट्ट्यांची नावं रंग आणि क्रमांकावरून) तर तिथं डाव्या हातात पहिल्यांदा म आणि वरचा सा, मग म आणि नी, मग ग आणि नी. म्हणजे आधी सा उतरून नी होतो, नंतर म उतरून ग होतो. एवढंच! सरगमेत लिहिल्यावर मला हे लख्ख दिसलं, सरांनीही ते फळ्यावर उतरवून घेतलं. पण उजव्या हाताची तान चालू असताना डाव्यानं हे करायचं म्हटलं की तो सगळं विसरून हवा भरायला लागतो. जेवतानाही माझा डावा हात मांडीवर भाता मारत असतो असं आई म्हणते.

दुसरी रड स्केलचेंजरची. आमच्या गुरुजींची पेटी स्केलचेंजर आहे. गायकाचा सा बदलला की खटका ओढायचा, पट्ट्यांची पूर्ण रांग सरकते, बोटं तीच. त्यामुळं मी सगळे राग दोन-तीन स्वरांतच वाजवत आले. इथं तर एका ट्यूनच्या, म्हणजे चालीच्या, पोटातच सा चं घर बदलतं. माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' घ्या. ३२ बारांचं आवर्तन, बार म्हणजे चार मात्रांचा गट. पहिले १६ बार सा पांढरी दोन, पुढचे ८ काळी दोन, शेवटचे ८ परत पांढरी दोन. पांढरी दोनला नुसत्या पांढऱ्या पट्ट्या पुरतात, काफी थाटाचे सूर, एकदम घरचं वाटतं. आणि मग अर्धा सूर वर सरकलं की पाचही काळ्या आणि पांढऱ्या फक्त दोन. त्या आठ बारांत मी दरवेळी पाहुण्यासारखी अंग चोरून वाजवते.

गुरुजींना हे वाजवून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं असू दे. तुझा सा कुठाय?" मी म्हटलं, आत्ता इथं होता, आता तिथं गेला, आठ बारांनी परत येतोय. ते हसले, पण वाजवू नको असं काही म्हणाले नाहीत.

दुपारी डबा आणि नंतर कॉम्बो, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून वाजवणं. आमच्यात ड्रम्सवर कॅम्पातलीच एक मुलगी आहे, चर्चमध्ये वाजवते. ट्रंपेटवर निपाणीकडचा एक लग्नाच्या बँडमधला दादा. चातुर्मासात मुहूर्त नाहीत म्हणून तो मोकळा, नाहीतर तो कुठला सापडायला! संध्याकाळी सहाला घरी पोचून दोन तास रियाझ करायचा ठरवलेला असतो. त्यात करंट गेला की चुलतभावाचा कीबोर्ड मुका. मग पेटी काढते आणि डावा हात लगेच सुखावतो.

आता प्रश्न. कोर्स गणपतीच्या आधी संपेल. गिटारवाले बेंगळूरला जातील, ट्रंपेटवाल्या दादाच्या सुपाऱ्या सुरू होतील, सर मडगावला. जॅझ एकट्यानं वाजवायची गोष्ट नाही एवढं मला कळलंय. बेळगाव-खानापुरात राहून हे पुढं कसं चालू ठेवायचं? कुणी असं काही केलंय का?

निपाणीचा तात्या

वाचून मजा आली. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण मांडीवर भाता मारणारा हात डोळ्यासमोर आला की.

एक विचारतो. दिवसभर घोटता ते ठीक, पण शेवटी आयत्या वेळी मनाचंच वाजवायचं असतंय ना? मग शिकायचं काय त्यात?

खानापूरची पेटीवाली

@तात्या, मनाचं म्हणजे ख्यालात असतं तेवढंच मनाचं. बंदिश ठरलेली, राग ठरलेला, ताल ठरलेला, बाकी तुम्ही. इथं ट्यून ठरलेली असते. ती सगळ्यांनी मिळून एकदा वाजवायची, मग तिच्याच कॉर्डांवर एकेकानं आपलं मांडायचं, शेवटी परत सगळ्यांनी ट्यून. कॉर्ड मात्र थांबत नाहीत. तुम्ही सुचायची वाट बघत बसलात तर त्या पुढं निघून जातात.

षड्जपंचम

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. विशारदपर्यंत आलेल्या मुलीनं सहा आठवडे हे करण्यात काय मिळवलं? पेटीतला शुद्ध गंधार मुळातच चढा, तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट वर (अर्ध्या सुराचे १०० सेंट). त्याच गंधारावर अजून कॉर्डांचे थर चढवायचे. कान कुठं राहील? आधी एक धड करावं. आमच्या काळात गुरूंनी दुसऱ्या घराण्याचं गाणं ऐकायलासुद्धा बंदी घातली होती.

खानापूरची पेटीवाली

@षड्जपंचम, राग कशाला. पण काका, चढ्या गंधाराचं पाप जॅझच्या माथी कसं मारणार? ते पेटीचंच आहे. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. मींड नाही (सुरावरून सुरावर घसरत जाणं), श्रुती नाहीत (सुरांमधल्या बारीक जागा), सगळे आरोप खरे. तरी त्या काळात पेटी वाजत राहिलीच, आणि आपल्या बेळगावात तर रामभाऊ विजापुरेंसारखा माणूस तिच्यावर आयुष्य घालवून गेला.

उलट इथं एक मजा कळली. ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला १२ बारांचा गाण्याचा साचा, त्यातला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी असतो. गाणारा आणि सॅक्सवाला तिथं सुरेख जाऊन बसतो, पियानोवाल्याला ती जागाच नाही. मग तो काय करतो? कोमल गंधार निसटता लावून शुद्धवर येतो, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकदम चिरडतो. पेटीवर ठुमरीच्या साथीला मींडेचा भास करायला आम्ही कणस्वर, म्हणजे मुख्य सुराला चाटून जाणारा सूर, लावतो तो याच्या अगदी शेजारचा. नसलेला सूर ऐकू आणायची धडपड दोन्हीकडं चालू आहे.

आणि कान बिघडला म्हणाल, तर गेल्या एकादशीच्या भजनात गुरुजी स्वतः म्हणाले की तू आता गाणाऱ्याला जास्त मोकळं सोडतेस. कारण सर रोज ओरडतात, कॉर्ड दाबून धरू नकोस, वाजव आणि बाजूला हो. पेटीवाल्यांना सूर सोडणं जमत नाही. भाता चालू आहे तोवर सूर चालू.

तीनताल तुकाराम

ताई, मी तबला वाजवतो, वडगावात असतो. तुमच्या ब्लूजबद्दल परवा एका मित्राशी बोलत होतो. १२ बार, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे ४८. हे तर तीनतालाची सरळ तीन आवर्तनं झाली! पहिल्या आवर्तनात एक ओळ म्हणायची, दुसऱ्यात तीच परत, तिसऱ्यात तिचं उत्तर. बरोबर ना? मग तुम्हाला अवघड काय जातंय?

खानापूरची पेटीवाली

@तुकाराम, हिशेब एकदम बरोबर. पहिलं आवर्तन सगळं सा च्या कॉर्डवर. दुसऱ्यात तीच ओळ येते, पण खालून कॉर्ड म चा होतो, अर्ध्यात परत सा. तिसरं प वरून सुरू होतं, म वरून सा वर येतं आणि शेवटी एक वळण घेऊन पहिल्या ओळीच्या तोंडाशी आणून सोडतं. तेच शब्द, तेच सूर, पण खालची जमीन सरकल्यामुळं दुसऱ्यांदा ओळ वेगळीच लागते. मला हे फार आवडलं.

अवघड हे जातं की ठेका धरून ठेवणारं कुणी नसतं. तुम्ही लोक खाली दाखवता, आम्ही डोळे मिटून समेवर येतो. इथं ड्रम्सवाली स्वतःच खेळत असते. आवर्तन प्रत्येकानं आपापल्या डोक्यात चालवायचं. सरांची एक परीक्षा आहे: ट्यून चालू असताना हात वर करतात, सगळे गप्प, आख्खं एक आवर्तन कुणी काही वाजवायचं नाही, आणि मग पुन्हा एकदम सगळ्यांनी एकवर यायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाच माणसं पाच ठिकाणी उतरली.

तीनताल तुकाराम

आयला, हे आमच्या वर्गात लावतो. मुलं अॅपचा लेहरा (आवर्तन दाखवणारी फिरती धून) लावून बसतात, लेहरा बंद केला की आवर्तन गायब.

डोरियन

दोन पैसे माझे. 'सो व्हॉट'चे सूर काफी थाटाचे असं ताईंनी लिहिलंय. त्या सुरांच्या मोडला (पाश्चात्त्य सप्तकाच्या सात प्रकारांपैकी एक) डोरियन म्हणतात, पण डोरियन म्हणजे काफी हे अर्धंच खरं. थाटाचे सूर जुळतात: डोरियनचे काफीशी, मिक्सोलिडियनचे खमाजशी, लिडियनचे कल्याणशी, फ्रिजियनचे भैरवीशी. लोक्रियनला आपल्याकडं थाट नाही, कारण त्यात पंचमच नाही. आणि उलट बाजूनं पूर्वी, मारवा, तोडी, भैरव यांना या सात मोडांत जागा नाही. पण थाट म्हणजे राग नव्हे. काफीचं चलन, त्याचे न्यास (थांबायच्या जागा) 'सो व्हॉट'वर वाजवलेत तर ते जॅझच्या चालीवर वाजवलेली काफीची ठुमरी होईल, चांगलीही वाटेल, पण ट्यून बाजूला राहील. तुमचे सर यावर काय म्हणतात?

खानापूरची पेटीवाली

@डोरियन, सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "छान वाजवतेस, पण तू सारखी सा वर येऊन बसतेस. इथं बास (खालचे सूर धरणारं वाद्य) आहे ना सा सांभाळायला!" मग दोन दिवस त्यांनी मला सा वाजवायचीच बंदी केली. ओळ रे वर संपव, ध वर संपव, कुठंही संपव. असं लटकतं ठेवणं आधी कसंसंच वाटायचं. आता त्याची चटक लागलीय आणि भजनात त्रास होतोय, कारण तिथं सा वर नाही आलं तर बुवा वळून बघतात.

कॅम्पातला म्हातारा

पोरी, "जॅझ आणि बेळगावात कुठून?" असं कुणी विचारलं तर त्यांना सांग, गोवा आपल्यापासून एका घाटावर आहे आणि हिंदुस्थानातला निम्मा जॅझ गोव्याच्या पोरांनी वाजवला.

पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवायचे. पोटापाण्यासाठी ती पोरं मुंबईला गेली तेव्हा कागद बघून वाजवणारे म्हणून त्यांना भाव आला. १९३५ साली लिऑन अॅबीचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये आला, ते ऐकून ही मंडळी जॅझकडं वळली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात. चिक चॉकलेट नावानं ट्रंपेट वाजवणारा अँतोनिओ झेवियर वाझ गोव्याचाच, तो सी. रामचंद्रांकडं वाजवायचा. तुमच्या आजीला सांगा, तुम्ही तरुणपणी रेडिओवर ऐकलेल्या सिनेमाच्या गाण्यांत जो उडता ब्रास वाजायचा ना, तो जॅझवाल्यांनीच वाजवलेला. तिला लगेच कळेल.

पुढं १९५८ ला डेव्ह ब्रुबेक आला, १९६३ ला ड्यूक एलिंग्टन, १९६४ ला लुई आर्मस्ट्राँग. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली. माझे थोरले मामा रेल्वेत होते, पासावर जाऊन ऐकून आले आणि पुढं महिनाभर घरात कुणाला बोलू दिलं नाही.

ड्रम्सवाली पोर चर्चमधली आहे म्हणतेस. मग माणसं शोधायला लांब कशाला जातेस? कॉयरला वाजवणारे बास गिटारवाले, कीबोर्डवाले कॅम्पात आहेत. नोटेशन त्यांना येतं. त्यांना कॉर्डही येतात. स्विंग, म्हणजे जॅझची डोलती लय, तेवढा घोटून घ्यावा लागेल.

खानापूरची पेटीवाली

काका, आजीला वाचून दाखवलं. "मग आधी सांगायचं की, आम्ही त्यावर नाचलोय" म्हणाली. कुठं नाचली ते काही केल्या सांगत नाही.

चंदगडची

ताई, मी चंदगड तालुक्यातली, गाते. असा कोर्स परत निघाला तर मलाही यायचंय. पण आमचं कार्ड महाराष्ट्राचं, तुमच्या बसमध्ये आम्हाला पूर्ण तिकीट. शिवाय संध्याकाळी उशीर झाला तर परत यायला गाडी नाही. तुम्ही घरी कसं पटवलं? आणि गाणाऱ्यांना त्यात काय करायला मिळतं?

खानापूरची पेटीवाली

@चंदगडची, पटवलं असं नाही. कोर्स दिवसाचा होता म्हणून जमलं. संध्याकाळचा असता तर मीही घरीच असते. जॅझ म्हणजे रात्रीचा धंदा अशी समजूत आहे, त्यात तथ्यही आहे, पण शिकवायला दिवसा काय हरकत आहे? पुढच्या वेळी सरांना आपण मिळून सांगू.

गाणाऱ्यांना भरपूर आहे. शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गायचं असतं, डू-बा-डी असं, त्याला स्कॅट म्हणतात. तराणा येत असेल तर तोंडाची तयारी आधीच झालेली आहे. फक्त कॉर्ड बदलला की सूर बदलायला हवा, त्याला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

तोवर घरी हे कर: कुठल्याही ब्लूजवर तिसरा सूर गात चाल. सा च्या कॉर्डला शुद्ध ग, म चा कॉर्ड आला की ध, प चा आला की नी. तानपुरा बंद ठेव. मला यानंच कॉर्ड ऐकू यायला लागले.

बँडवाला

मीच तो निपाणीकडचा ट्रंपेटवाला दादा. तिनं लिंक पाठवली म्हणून खातं काढलं.

दोन गोष्टी सांगतो. माझी ट्रंपेट काळी पाचची. म्हणजे मी तीन वाल्व मोकळे सोडून माझा सा वाजवला की ह्यांच्या कीबोर्डवर तो काळी पाच येतो. म्हणून वर्गात ब्लूज काळी पाचमध्ये असतो आणि गिटारवाले कुरकुरतात. आमच्या बँडमध्ये आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. उस्ताद तोंडानं म्हणून दाखवायचे, आम्ही उचलायचो. त्यामुळं गाऊन मग वाजव ही सरांची रीत मला काही नवीन नाही.

दुसरं म्हणजे ओठ. वरातीत तीन-तीन तास जोरात फुंकायची सवय. इथं सर म्हणतात, हळू. हळू वाजवणं जास्त अवघड आहे, कुणी खोटं म्हणत असेल तर येऊन फुंकून बघावं. आता सकाळी गोठ्यात जाऊन लांब सूर धरतो, बारीक आवाजात. म्हशींना चालतंय, शेजाऱ्यांना नाही.

पुढं काय हा प्रश्न माझाही आहे. गणपतीत आम्ही मोकळे नाही. नवरात्रात थोडं. तुळशीचं लग्न झालं की परत मुहूर्त. पण सोमवारी-मंगळवारी लग्न नसलं तर मी बेळगावला येऊ शकतो.

डोरियन

पेटीवाली ताई, एक सुचवतो. ट्यून वाढवत बसू नका. कोर्स संपला की लोक अॅप घेतात, त्यात हजारभर ट्यूनचे कॉर्ड असतात, रोज नवी काढतात आणि सहा महिन्यांनी एकही धड येत नाही. वर्षभर तीन ट्यून पुरे: एक ब्लूज, 'सो व्हॉट', आणि दोन-पाच-एक भरपूर असलेली एक, बहुतेक वर्गांत 'ऑटम लीव्ज' देतात. तिन्ही बाराही स्वरांत. स्केलचेंजरचा हिशेब तिथंच चुकता होईल.

खानापूरची पेटीवाली

'ऑटम लीव्ज' आमच्या शेवटच्या कार्यक्रमात आहेच. माझा सोलो एका आवर्तनाचा, आणि नंतर ड्रम्सशी चार-चार बारांचा सवाल-जवाब. तिच्या चार बारांत मी मोजायचं सोडून तिच्याकडं बघत बसते आणि माझी पाळी निघून जाते. आज तिनं सांगितलं, "तू मोजू नको, ट्यून मनात म्हण." तेव्हापासून बरं चाललंय.

बाराही स्वरांत करायला कीबोर्डला करंट हवा. आमच्याकडं पावसात त्याचा भरवसा नाही. पेटीवर बारा स्वर होतील, पण डावा हात परत भात्यावर.

शहापूरच्या आत्या

मी एवढ्यासाठीच लिहायला आले. अगं, करंट नको आणि दोन्ही हात मोकळे हवेत, मग पायपेटी का वाजवत नाहीस? ऑर्गन गं, नाटकातला. भाता पायानं मारायचा, हात दोन्ही पट्ट्यांवर. आमच्या सासऱ्यांना संगीत नाटकांचं वेड, हौशी मंडळी शहापुरात आमच्याच माडीवर तालमी करायची. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळं आमच्या घरात नाटकाचा अभिमान जरा जास्तच. तो ऑर्गन अजून माडीवर आहे. उजवीकडच्या पायट्याचा पट्टा तुटलाय आणि भात्याचं कातडं एका कोपऱ्यात फाटलंय. काही सूर लागतात, काही नुसते फुसफुसतात. सुनेनं त्यावर कुंड्या ठेवल्यात, त्या हलवू.

खानापूरची पेटीवाली

आत्या!! उद्या येऊ? वर्ग सुटल्यावर गोवावेसला उतरून चालत येते. तुम्ही आधी सुनेला विचारून ठेवा.

षड्जपंचम

ऑर्गन असेल तर भाता उघडायच्या आधी आतले रीड (सूर देणाऱ्या पितळी पात्या) मोजून घ्या, आणि पितळेवर हिरवा गंज आहे का बघा. पाण्यानं पुसू नका. मऊ ब्रश. कातड्याला आमच्याकडं एक कारागीर आहे, पेट्या दुरुस्त करतो. पुढच्या आठवड्यात मी बेळगावात आहे, त्याला घेऊन येतो.

जॅझ ऐकणार नाही. ऑर्गन बघायला येतो.

तीनताल तुकाराम

काका, मी ऐकायला येतो आणि तबला घेऊन येतो. ड्रम्सचे ब्रश मिळाले तर घमेल्यावरसुद्धा वाजवीन.

बँडवाला

एक लक्षात ठेवा. जुने ऑर्गन आताच्या कीबोर्डच्या सुरात असतीलच असं नाही. आत्याबाई, ताई येईल तेव्हा मोबाइलवरचा ट्यूनर लावून मधल्या सप्तकातली पांढरी सहा मोजा आणि आकडा इथं टाका. ४४० च्या (आताच्या कीबोर्डची पांढरी सहा) खाली असेल तर मी ट्रंपेटची स्लाइड (सरकती नळी) बाहेर ओढून जुळवून घेतो. वर असेल तर मात्र मला फार वर येता येत नाही, मग रीड घासायची का ट्रंपेट बदलायची हे काकांच्या कारागिराला विचारावं लागेल.

शहापूरच्या आत्या

पांढरी सहा लागते. मी आत्ताच एका पायानं भाता मारून बघितली. आकडा तू ये आणि बघ, मला ते मोबाइलचं जमत नाही. आणि येताना डबा आणू नको, भाकरी इथं खा.